कडं

माझ्या टेबलाच्या खणात अकरा घड्याळं आहेत,
सगळी पाणबुड्यांची.
तबकडीवर दोनशे मीटर, तीनशे, एकीवर तर सहाशे.
मी स्वतः आजवर गेलोय
कुडाळच्या विहिरीच्या तिसऱ्या पायरीपर्यंत,
तेही एप्रिलात.

आषाढात खणात तांदळाच्या पुरचुंड्या ठेवतो,
दमट हवा काचेआड शिरली
की काट्यांना बुरशी धरते.
बायको म्हणते, अकरा घड्याळं
आणि ऑफिसला रोज उशीर.
खरं आहे. मी त्यांत वेळ बघत नाही.
भिंग लावून बघतो
आकड्यांवरचं जुनं रेडियम,
रात्री न उजळणारं,
डब्याच्या तळाशी राहिलेल्या तुपाच्या रंगाचं.
रंगवलेली तबकडी मला लगेच कळते,
आणि पॉलिश मारलेलं घड्याळ दिसलं की वाटतं
कुणी साधूची दाढी केली.

तळाशीलला एक आहे, असं
रत्नागिरीचा भंगारवाला हसन होडेकर म्हणाला होता.
एका बाजूला खाडी, एका बाजूला समुद्र,
मधे माणसांनी धरून ठेवलेली वाळूची पट्टी.
शेवटून तिसरं घर. मनोरमा केळुसकर.
घड्याळ तिच्या हातातच होतं,
पट्टा सैल, कोपराकडे सरकलेलं.
चुलीवर उकड्या तांदळाची पेज चढवून
तिनं कडं फिरवलं, टक टक टक,
बाणाची खूण मिनिटकाट्यासमोर आणली
आणि मग मला बसायला सांगितलं.

मी पेजेकडे बघितलंच नाही.
कड्यावरचा काळा रंग उडून राखाडी झालेला,
तबकडी मूळची,
काचेवर ओरखड्यांचं जाळं.
मी आकडा सांगितला.
मग त्याहून मोठा आकडा सांगितला.
"ह्यां घड्याळ इकूचां नाय," ती म्हणाली,
आणि पेज ढवळली.

सगुण केळुसकर ट्रॉलरच्या पंख्यात अडकलेली जाळी कापायचा.
खाली अंधार, तोंडात नळी,
दातांत नाही, हातात सुरी,
ते दातांतलं सगळं सिनेमातलं.
एकदा कडं ट्रॉलरच्या बुडाला घासून सरकलं.
तो सहा मिनिटं आधीच वर आला,
घड्याळाला आईवरून शिव्या दिल्या,
हवा शिल्लक होती, काम अर्धं होतं.
"ह्यां फुडे फिरता, फाटी नाय," ती म्हणाली.
मला हे ठाऊक होतं. पुस्तकात वाचलेलं:
कडं एकाच बाजूला फिरतं,
धक्का लागलाच तर
उरलेली हवा कमी दाखवतं, जास्त कधीच नाही.
चुकायचंच, तर माणसाच्या बाजूनं.

मी आवाज खाली आणून विचारलं, पाण्यातच का?
"पाण्यात नाय. ओरसच्या दवाखान्यात. साखरेन."
मग माझ्याकडे नीट बघून,
"तुमी कितके खोल गेलास?"

विहिरीचं मी सांगितलं नाही.
पण तिला कळलं असावं,
कारण तिनं घड्याळ काढून माझ्या मनगटावर चढवलं.
"आदी पाण्यात उतरा. मगे बोला."

ओहोटीची खाडी. पँट दुमडून, मग दुमडणं सोडून,
छातीपर्यंत.
पायाखाली चिखल, चिखलात काहीतरी हललं,
मी देवाचं नाव घेतलं, चुकीच्या देवाचं.
हात बुडवला.
आणि काचेवरचे ओरखडे गेले.
एकही नाही.
पाणी त्यांत भरलं आणि तबकडी
अशी वर आली
जशी माझ्या अकरांपैकी एकाचीही
भिंगाखाली कधी आली नव्हती.
मी उभा राहिलो. किती वेळ, ते
हातातच होतं, पण बघितलं नाही.

काठावरून तिनं हाक मारली, पेज झाली.
घड्याळ घेतलं, कळशीतलं गोडं पाणी त्यावर ओतलं,
पदरानं पुसलं. ओरखडे परत आले.
आम्ही पेज खाल्ली, खारातली कैरी घेऊन.
आकड्याची गोष्ट मी पुन्हा काढली नाही,
तिनंही नाही.

मालवणच्या एसटीत कंडक्टरनं
सीट भिजवली म्हणून झापलं.
रात्री खण उघडला.
एक उचललं, सहाशे मीटरवालं,
आणि न्हाणीघरात जाऊन
बादलीचा नळ सोडला.